उंबऱ्याबाहेरचे कान

१८ सप्टेंबर

सूनबाई जिपार हिला,

पत्र लिहिते आहे ते कुबातनं लिहायला लावलं म्हणून. तो रशियातून फोन करतो, मी फोन हातात धरून ‘हो’, ‘बरं’, ‘जेवलास का’ एवढं म्हणते, आणि पलीकडे माशी घोंगावल्यासारखं काहीतरी चालू राहतं. शेवटी कंटाळून त्यानं शेजारच्या बुर्माच्या फोनवर दोन ओळी लिहून पाठवल्या, की आई, फोनवर जमत नाही तर कागदावर लिही, पण जिपारशी बोल. नवऱ्यानं बायकोची शिफारस केली, आता आईनं ऐकायला हवं. म्हणून लिहिते.

तुला जाऊन महिना होत आला. सकाळी मी दूध काढून आले तर दारात तुझी बॅग आणि फाटकाशी जोलचूची मिनीबस. माझ्यापुढे मान झुकवलीस आणि गेलीस. या घरातून कुणी शेजारच्या गावी लग्नाला निघालं तरी मोठ्या माणसापुढे उभं राहून दुआ मागतं, ती घेतं आणि मगच पायात बूट घालतं. तू बिश्केकला गेलीस आणि दुआ मागितली नाहीस. शिवणकामाच्या कारखान्यात लागली असशील, असं बुर्माचं म्हणणं. तिची सूनही तशीच गेली. मी कुणाला काही बोलले नाही. म्हणजे बुर्माला बोलले, आणि बुर्माला सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

इकडचं सगळं ठीक आहे. जर्दाळू वाळवून झाले, गवत गोठ्यावर चढवून घेतलं. लाल गाय गाभण आहे असं मी म्हणते, आपले म्हातारे तेमिरकुल आके म्हणतात की ती नुसतीच लठ्ठ झाली आहे.

तुझं ते कानाचं मशीन पेटीत सुखरूप आहे. शहरातले डॉक्टर एका दिवसासाठी आले, तू नर्स म्हणून त्यांच्या मागे मागे फिरलीस आणि गावातल्या सात म्हाताऱ्या माणसांना फुकटात मशीनं मिळवून दिलीस. त्याचं कौतुक सगळ्यांना आहे. पण डोक्याला रुमाल बांधला की ते शिट्टी मारतं. घरात शिट्टी वाजली की घरातली बरकत निघून जाते, हे तुझ्या माहेरीही कुणी सांगितलंच असेल. तेव्हा तो विषय नको.

तेमिरकुल आकेंच्या मशीनची मात्र काल गंमत झाली. कालव्याकाठी बसून सांगत होते, की तुझ्या डॉक्टरांच्या आधी त्यांच्या मुलानं घोडी विकून शहरातून एक भारी मशीन आणलं होतं. ते दर थोड्या दिवसांनी बिघडतं आणि नीट करायला शहरातच जावं लागतं. ‘घोडी तर कानात घातली,’ म्हणाले, ‘आता शहरात जाऊ कशावर बसून?’ बुर्मा इतकी हसली की तिची कवळी निसटली.

थंडी सुरू होईल. तुझी लोकरी शाल इथेच राहिली आहे, जोलचूबरोबर पाठवते.

तुझी सासू,
झूराकान


६ ऑक्टोबर

जिपार,

जोलचूनं तुझं पत्र दिलं आणि वर सल्ला दिला, की सुनेशी जमवून घ्या. गाडी चालवता चालवता याला गावातले संसारही आपणच चालवतो असं वाटायला लागलं आहे. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

आधी सोपं आहे ते. तू विचारतेस, ‘अपा, तेमिरकुल आके दाढीतल्या दाढीत बोलतात, मलासुद्धा त्यांचं निम्मं कळत नाही. मशीन पेटीत आहे तर तुम्हाला घोडीची गोष्ट ऐकू कशी आली?’ मी उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढला. गावातल्या सोयरिकी आणि भांडणं आधी माझ्या कानातून गेली आणि मग लोकांच्या. आणि आता माझीच चोरी पकडली गेली, तीही माझ्या सुनेकडून. हो, लावते मी मशीन. रोज लावते.

पण घरात नाही लावत. शिट्टी छपराखाली वाजू नये. उघड्यावर वाजली तर तिथून काय जायचं आहे? डोंगरावर वारा दिवसभर शिट्ट्याच मारतो. ही युक्ती तेमिरकुल आकेंची, आणि आता आम्ही सातही जण तसंच करतो. उंबऱ्यापाशी बूट काढायचे, त्यांच्याबरोबर कानही काढायचा. बुटांच्या वर जी लहान फळी आहे, तिच्यावर चहाच्या डब्यात माझा कान असतो. दुपारी सगळे कालव्याकाठच्या बाकांवर जमतो. पहिले काही दिवस कुत्री भुंकली, आता त्यांनाही सवय झाली. तिथे मला सगळं ऐकू येतं, पाणीसुद्धा, बुर्माच्या बढायासुद्धा. घरी आले की डबा उघडते, कान ठेवते, आणि आत पाऊल टाकलं की सगळं गप्प.

तुला सांगितलं नाही, कारण तू घरातही लावा म्हणून मागे लागली असतीस. कुबात तिकडे परक्या मुलखात उंच बांधकामावर चढून विटा लावतो. तो तिथे आहे तोवर मी या घराची बरकत पणाला लावणार नाही.

आता अवघड आहे ते. तू लिहितेस, जायच्या आदल्या संध्याकाळी तू दुआ मागितली होतीस. मी चुलीपाशी पाठमोरी बसून पीठ मळत होते. तू मागे उभी राहून म्हणालीस, ‘अपा, मी कानांचं काम शिकायला जाते आहे, मला दुआ द्या.’ थांबलीस. पुन्हा म्हणालीस. मग तिसऱ्यांदा. मी मळतच राहिले, आणि तू समजलीस की अपाची ना आहे. तरी गेलीस, कारण नाव नोंदवलं होतं.

हे वाचल्यावर मी पत्र ठेवलं आणि गाईपाशी जाऊन बसले. दीड महिना मी इथे सांगत होते की सून दुआ न मागता गेली, आणि दीड महिना तू तिथे धरून बसली होतीस की सासूनं दुआ नाकारली. कान त्या वेळी बाहेर फळीवर होता. मला फार वाईट वाटलं, जिपार. मग रागही आला, की जरा मोठ्यानं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? मग आठवलं. लग्न होऊन आलीस त्या आठवड्यात तुझ्या हातून कढई पडली, तू किंचाळलीस, आणि सून सासूपुढे आवाज चढवत नाही, हे मीच तुला सांगितलं. तेव्हा माझे कान शाबूत होते. तू अजून तेवढ्याच आवाजात बोलतेस.

आणि मी इकडे शिवणकामाचा कारखाना धरून बसले. कान तपासायला शिकायला गेलीस, हे कुबातनं फोनवर सांगितलं असणारच. मी ‘हो, बरं’ म्हटलं असणार.

तू लिहितेस, परीक्षेच्या आधी पत्रातून दुआ पाठवा. नाही पाठवणार. दुआ कागदावर देत नाहीत. मागणाऱ्यानं तोंडानं मागायची, देणाऱ्यानं कानांनी ऐकायची, मग दोघांनी हात उघडायचे. तू मागितलीस ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही, म्हणजे ती अजून मागायची आहे. घरी येऊन माग. कालव्यावर नाही, घरात, जिथे मागितली होतीस तिथे. मला ती तिथेच ऐकायची आहे, आणि कशी ऐकणार ते मला माहीत नाही.

झूराकान


२४ ऑक्टोबर

जिपार,

एक घोटाळा होऊन बसला आहे आणि तो निस्तरणारं इथे कुणी नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातून एक माणूस आला होता, वाटलेली मशीनं म्हातारे वापरतात की नाही ते बघायला. तरुण, चष्मेवाला, स्वभावानं गरीब. आता पाहुणा आला तर त्याला अंगणात उभं करून बोलायचं का? प्रत्येक घरी त्याला आत नेलं, मानाच्या जागी गादीवर बसवलं, पुढे गरम तळलेले बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. आणि आत जाताना प्रत्येकानं काय केलं असेल ते तुला कळलंच असेल. बूट काढले, कान काढला.

त्यानं विचारलं मशीन वापरता का, तर बुर्मा म्हणाली, घ्या ना, लाजू नका. पुन्हा विचारलं तर तिनं त्याच्या बशीत आणखी मुरंबा वाढला. तेमिरकुल आकेंनी त्याला यंदाचा मेंढ्यांचा भाव सांगितला. सात घरी सात वेळा चहा पिऊन त्या बिचाऱ्यानं लिहून घेतलं, की या गावात मशीन कुणीही वापरत नाही.

हे बुर्माच्या नातसुनेनं मला कागदावर लिहून दाखवलं तेव्हा मी कान लावून त्याच्यामागे धावले. फाटकापाशी गाठला. म्हटलं, अहो, वापरतो आम्ही, बाहेर वापरतो. तो ऐकून घ्यायला वाकला, त्याचं डोकं माझ्या रुमालाजवळ आलं आणि मशीननं लांबलचक शिट्टी मारली. तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, ‘आजी, हे तर बिघडलेलं आहे.’ आणि माझ्या नावापुढे तेही लिहिलं.

बर्फ पडायच्या आत मशीनं परत न्यायला येणार आहे. सरोवराच्या पलीकडच्या गावात म्हातारे वाट बघत बसलेत, त्यांना देतील. त्याला मी दोष देत नाही. न वापरलेली वस्तू गरजवंताला दिली तर चुकलं काय? पण आम्हीही गरजवंतच आहोत.

आणि त्यानं नेली नाहीत तरी हिवाळा आहेच. काल बाकावर आम्ही तिघंच होतो. आकेंच्या मिशीला दंव धरलं होतं, तरी उठेनात. उठलं की घर, आणि घर म्हटलं की मार्चपर्यंत मुकेपणा. मागचे हिवाळे मी काढले, कारण काय नाही ते मला कळत नव्हतं. सगळं हळूहळू गेलं होतं. या वर्षी एप्रिलपासून मला गाईचा रवंथ ऐकू येतो, कालवा ऐकू येतो, बुर्मानं मागून मारलेला टोमणा ऐकू येतो. आता ते पुन्हा द्यायचं मला जमणार नाही. मला भीती वाटते, आणि हे मी तुला सोडून कुणाला लिहिणार नाही.

तुला शिकवताहेत त्यात शिट्टी बंद करायला शिकवतात का? शिकवत असतील तर ये. शिकवत नसतील तरी ये.

अपा


४ नोव्हेंबर

जिपार,

येतेस. बरं झालं. वेळ थोडा आहे म्हणून मोजकंच लिहिते, जोलचू बाहेर भोंगा वाजवत असावा, कारण त्याचं तोंड वाकडं झालं आहे.

येताना सेल आण, तालुक्याच्या दुकानात संपलेत. आके एकच सेल लावतात, काढतात, उन्हात ठेवतात आणि पुन्हा लावतात. त्यानं काही होत नाही असं मी सांगून पाहिलं.

तू शिट्टीबद्दल लिहिलंस ते मी बाकावर मोठ्यानं वाचून दाखवलं. मशीन बिघडलेलं नाही, ते कानात सैल बसतं, फटीतून आवाज बाहेर येतो, रुमालावर आपटून पुन्हा मशीनमध्ये शिरतो आणि तीच शिट्टी. मग बुर्मा म्हणाली, ‘म्हणजे प्रत्येकाच्या कानाला माप हवं. साधी टोपी घेताना डोकं मोजतात, आणि कान देताना कुणी मोजला नाही.’ ते डॉक्टर भले होते, पण संध्याकाळी त्यांची गाडी परत जायची होती.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. चूलही पेटवून ठेवीन.

अपा


२ डिसेंबर

जिपार, माझ्या लेकी,

तुझं पत्र आलं. तू काळजीत आहेस असं दिसतं, तिकडे मी शेवटी येते. आधी तुझ्यामागे काय झालं ते ऐक.

तू निघालीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तो चष्मेवाला खोका घेऊन आला. सातही जण आमच्याच स्वयंपाकघरात होते. तू येऊन प्रत्येकाच्या कानाच्या मापाचा साचा भरून दिलास तेव्हापासून ते इथेच येऊन बसतात, जणू हा दवाखानाच आहे. त्यांना वाटतं, कानातलं काही निसटलं तर इथे कुणीतरी बसवून देईल. आणि खरंच, बुर्माचं मी बसवून दिलं. साच्याचा तो लगदा तू माझ्याकडून मळून घेतलास तेव्हापासून मी स्वतःला अर्धी डॉक्टर समजते. दोन रंगांचं पीठ एकत्र मळायचं, कानात भरायचं, घट्ट होईपर्यंत जबडा हलवायचा नाही. बुर्मा तेवढा वेळ गप्प बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. अजून आके तिला म्हणतात, दुसरा कानही भरून घे.

तर तो आत आला, खोका दाराशी ठेवला, आणि आपल्याला कोण ऐकणार आहे म्हणून स्वतःशीच पुटपुटला, ‘आता पुन्हा मुरंबा.’ खोलीच्या पार कोपऱ्यातून आके म्हणाले, ‘नको असेल तर लोणी घ्या.’ त्यानं वळून पाहिलं. मग एकेकाचा रुमाल बाजूला सारून सात कान पाहिले. रुमाल कानामागून कसा बांधायचा ते बुर्मानं त्याला स्वतःच्या डोक्यावर करून दाखवलं. खोका तसाच परत गेला. जाताना विचारत होता, की तुमच्या सूनबाईंची परीक्षा कधी आहे, पलीकडच्या गावातही घरोघरी मशीनं पडून आहेत, तिकडे येतील का. मी म्हटलं, तिला विचारा, ती हळू बोलते पण नीट सांगते.

घरात शिट्टी वाजत नाही. पहिल्या रात्री मी मुद्दाम रुमालावर उशी धरून पाहिली, तरी नाही. कुबातचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, ‘आई,’ आणि मी म्हटलं, ‘ओरडतोस कशाला?’ तो रडत होता, तेही मला ऐकू आलं. गाय मात्र नुसतीच लठ्ठ आहे. आके जिंकले.

आता तुझी काळजी. तू लिहितेस, ‘अपा, या वेळीही निघताना मला तीनदा दुआ मागावी लागली. म्हणजे मशीनचा आवाज माझ्या आवाजाला कमी पडतो आहे. परीक्षा झाली की लगेच येऊन वाढवून देते, तोवर मन लागत नाही.’

ती सकाळ तुला माझ्या पाठीमागून दिसली, म्हणून मी माझ्या बाजूनं सांगते. मी तुझ्या वाटेसाठी पीठ मळत होते. किटली कुठल्या क्षणी उकळायला लागली ते मला कळलं. तू बॅगेची चेन लावलीस ते कळलं. मोज्यांतली तुझी पावलं आली आणि माझ्या मागे थांबली. तू श्वास घेतलास. मग म्हणालीस, ‘अपा, मी जाते. मला दुआ द्या.’ आपल्या घरात सुनेनं बोलावं त्या आवाजात, त्याहून तसूभरही मोठ्यानं नाही.

मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

शब्दन्‌शब्द ऐकू आला, आणि मी मळतच राहिले. हात आपोआप थांबत होते, ते मी थांबू दिले नाहीत. कारण मागच्या खेपेला, त्या संध्याकाळी तू तीनदा मागितली होतीस आणि त्या तिन्ही वेळा मला मिळाल्या नव्हत्या. एकीवर माझं भागणार नव्हतं. दुसऱ्यांदा तुझा आवाज जरा कापला. मला वाटलं, आता वळावं, पोरीला छळू नये. पण तिसरी राहिली होती. तिसरी ऐकली, आणि मग वळले.

तू इतकी घाबरली होतीस की माझे हात पिठानं भरलेत हेही तुला दिसलं नाही. मीही विसरले. तळहात उघडले, तुझ्या वाटेसाठी, तुझ्या परीक्षेसाठी आणि तुझ्या हातांसाठी मागायचं ते मागितलं, ओमीन म्हटलं आणि हात तोंडावरून फिरवले. मग तू हसायला लागलीस. तू गेल्यावर दिवसभर मी तोंड धुतलं नाही. स्वयंपाकघरात येऊन बसलेल्या सगळ्यांनी विचारलं, गालाला काय लागलंय. मी सांगितलं, सुनेला दुआ दिली.

तेव्हा आवाज वाढवायची गरज नाही. तू बोलतेस तशीच बोल, मला पुरतं. परीक्षा नीट दे.

तरी लगेच ये.

अपा